मोठ्या गाडीचं ॲव्हरेज पुन्हा पुन्हा घसरतंय? तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

ॲव्हरेज पडलं की सर्व्हिसिंग होतं, एअर फिल्टर बदलतो, इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकीत जाते. पंधरा दिवस बरं वाटतं आणि आकडा परत होता तिथे येतो. मोठ्या एसयूव्ही आणि पिकअपच्या बाबतीत हे चक्र फार दिसतं. मूळ दोष तसाच राहतो आणि भलतंच काहीतरी बदललं जातं, म्हणून ते थांबत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

"गाडी ॲव्हरेज देत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कधी देत नाही, यावरून बरंच कळतं.

- शहरात आकडा ठीक, हायवेवरच कमी: वेग, छतावरचं कॅरिअर, टायर, ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी पकड).
- हायवेवर ठीक, शहरात खूपच कमी: छोट्या फेऱ्या, उभ्या गाडीत चालू इंजिन, एसी, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरला कधी सोडायचं ते ठरवणारी झडप), डीपीएफचं, म्हणजे डिझेलच्या काजळीच्या फिल्टरचं, अर्धवट राहणारं रिजनरेशन (आतली काजळी जाळणं).
- एकाच टाकीत १५-२० टक्के घट: आधी मोजणीवर संशय घ्या, मग चिकटलेल्या ब्रेकवर, मग गळतीवर.
- सहा-आठ महिन्यांत हळूहळू घसरण: टायर, अलाइनमेंट, सेन्सर, इंजेक्टर.
- सोबत आणखी काही: पॅडल सोडल्यावर गाडी लवकर मंदावते, एका चाकाजवळ जळका वास येतो, चढावर काळा धूर निघतो, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं, हायवेला लागल्यावर तापमानाचा काटा खाली सरकतो. यातलं एकही दिसत असेल तर ते लिहून ठेवा. तपासणी अर्धी तिथेच होते.

मोजणी: फुकट आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा पुरावा म्हणून धरू नका. तो इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला अंदाज असतो आणि बऱ्याच गाड्यांत खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. टाकी फुल करून मोजा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, ओडोमीटर लिहा, निदान अर्ध्याहून जास्त टाकी वापरा, मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच बाजूला गाडी उभी करून पुन्हा पहिल्या क्लिकपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर.

पहिल्या क्लिकचा आग्रह दोन कारणांसाठी. जमिनीचा उतार आणि फेस यामुळे ८० लिटरच्या टाकीत भरण्याचा फरक सहज दोन लिटरचा येतो. २० लिटर भरून हिशेब केलात तर ही चूक १० टक्के, ६० लिटर भरून केलात तर ३ टक्क्यांच्या आसपास. दुसरं, पेट्रोल गाडीत क्लिकनंतरही ठासून भरलं तर इंधन वाफेच्या नळीतून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये (पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्यात) शिरतं. तो भिजला की पुढे पेट्रोल भरल्यावर गाडी नीट स्टार्ट होत नाही आणि मिश्रण बिघडतं. म्हणजे ॲव्हरेज मोजता मोजता ॲव्हरेजचा नवा दोष तयार होतो.

एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन टाक्या मोजा. आणि तीन आकड्यांची सरासरी काढू नका, एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा. ३०० किलोमीटर ३६ लिटरमध्ये आणि ६४० किलोमीटर ५३.३ लिटरमध्ये झाले, तर आकडे ८.३ आणि १२. त्यांची सरासरी १०.२ येते, खरा आकडा मात्र १०.५ आहे.

मोठ्या गाडीसाठी १०० किलोमीटरला किती लिटर लागले हा हिशेब जास्त उपयोगी पडतो. छोटी कार २० वरून १९ वर आली तर १०० किलोमीटरला पाव लिटर जास्त गेलं. मोठी गाडी ८ वरून ७ वर आली तर १२.५ लिटरचे १४.३ झाले, म्हणजे पावणेदोन लिटरहून जास्त. "एकच किलोमीटर कमी झालाय" म्हणून मोठ्या गाडीत सोडून देऊ नये ते यासाठीच.

आता टायरचं माप. टायरचा साइज बदलला असेल तर ओडोमीटर खोटं बोलतो. २६५/६५ आर१७ चा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, २६५/७० आर१७ चा सुमारे ८०३. फरक साडेतीन टक्क्यांच्या जवळ. मोठा टायर बसवल्यावर ओडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी साधारण १०३.४ किलोमीटर चाललेली असते. ही घट कागदावरची आहे, तिच्यासाठी इंजिन उघडू नका. फोनच्या जीपीएसवर ५० किलोमीटरचं अंतर पडताळलं की दुरुस्तीचा गुणक मिळतो.

तुलना कशाशी करताय तेही बघा. जाहीर झालेला आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर ठरलेल्या वेगाने मोजलेला असतो. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांची प्रत्यक्ष रस्त्यावरची माहिती तपासली, तेव्हा पेट्रोल-डिझेल गाड्या डब्ल्यूएलटीपी या प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या आकड्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त इंधन घेताना दिसल्या. अमेरिकेत ८,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे ३,८५५ किलोपेक्षा जास्त एकूण वजनक्षमतेच्या बहुतेक पिकअपवर इंधनखपतीचं लेबलच नसतं. तुमच्या गाडीचा खरा मापदंड एकच: तीच गाडी, तोच रस्ता, मागच्या वर्षी त्याच ऋतूत.

काय बदललं ते आठवा

पाना हातात घेण्याआधी ही यादी डोळ्यांखालून घाला. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ९० वरून ११० ला गेलात की तो जवळजवळ दीडपट. उंच, चौकोनी एसयूव्हीत हे फार जाणवतं: १०० च्या वेगाला वाऱ्याचा रेटा ४५० न्यूटनच्या आसपास असतो आणि २,२०० किलोच्या गाडीच्या टायरांचा विरोध २०० ते २५० न्यूटन. म्हणजे हायवेवर गाडी ओढायला लागणाऱ्या जोरापैकी निम्म्याहून जास्त नुसता वारा बाजूला सारण्यात जातो. नवा रस्ता झाला आणि रोजचा वेग २० ने वाढला, तर ॲव्हरेज पडणारच. तो गाडीचा दोष नाही.

छत. मोठी कॅरिअर पेटी शहरात २ ते ८ टक्के खाते, हायवेवर ६ ते १७, आणि १०० च्या वरच्या वेगात १० ते २५ टक्क्यांपर्यंत. तेच सामान मागच्या बाजूला लावलेल्या रॅकवर टाकलं तर हायवेवर १ ते ५ टक्के. रिकामी पेटी वर्षभर छतावर ठेवणं हा मोठ्या गाड्यांमधला सगळ्यात सहज टाळता येणारा खर्च आहे. रुंद सनशेड, छतावरची लाइट बार, पुढचा जाड बंपर हेही त्यातच धरा.

वजनाची भीती मात्र लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. ४५ किलोला साधारण एक टक्का, आणि गाडी जितकी जड तितका त्याहून कमी. डिकीतली पेटी काढून चमत्कार होणार नाही. ट्रेलर ही वेगळी गोष्ट. सपाट तोंडाचा उंच ट्रेलर मागे असेल तर खप दुपटीच्या जवळ जाऊ शकतो, आणि त्यात बिघाड काही नाही.

इंधन. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्यामुळे १० टक्के मिश्रणात सुमारे ३ टक्के, २० टक्क्यांच्या मिश्रणात ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी मिळते. पंपावरचं मिश्रण बदललं असेल तर तेवढी घट आधी वजा करा, उरलेल्या घटीचाच शोध घ्या.

थंडी आणि छोट्या फेऱ्या. कडक थंडीत पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांना पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरू शकतं. जड इंजिन, जाड ऑइल, मोठा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तापायलाच तेवढा रस्ता लागतो.

टायर

हवा थंड टायरमध्ये, सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरहून जास्त चाललेली नसताना मोजा. आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून घ्या. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. तापमान पाच-साडेपाच अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआयने उतरते, म्हणून ऋतू बदलला की तक्रार परत येते. डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या भरवशावर राहू नका. कित्येक गाड्यांत तो हवा २५ टक्के कमी झाल्यावर लागतो. ३५ चा टायर २६ वर येईपर्यंत तो गप्प.

तरीही हवेकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधीच ठरवा. चारही टायरची हवा १ पीएसआयने कमी झाली की खप साधारण ०.२ टक्के वाढतो. सहा पीएसआयने सव्वा टक्का. ॲव्हरेज १५ टक्के पडलं असेल आणि कुणी हवा भरून "झालं काम" म्हणत असेल, तर ते झालेलं नाही.

टायरचा प्रकार जास्त फरक पाडतो. हायवे टायर काढून ऑल-टेरेन किंवा मड टायर बसवले की वजन, रबरचा विरोध आणि वाऱ्याचा विरोध तिन्ही वाढतात. टायरचा विरोध १० टक्के वाढला तर इंधन १ ते २ टक्के जास्त. नवीन टायरनंतर घट सुरू झाली असेल तर उत्तर तेच आहे.

ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखे दाते लागत असतील तर टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलेला आहे. चाकं तिरकी घासत चालली आहेत. अलाइनमेंट करून घ्या, पण आधी बॉल जॉइंट आणि टाय-रॉडचा ढिलेपणा तपासायला सांगा. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट महिन्याभरात सुटतं, आणि तक्रार परत दारात.

गाडी न्यूट्रलमध्ये सुटी सोडून बघा: कोणत्या बाजूला शोधायचं ते ठरवणारी चाचणी

इथून पुढे पैसे लागू शकतात, म्हणून एक फाटा फोडून घ्यायचा. गाडी जास्त इंधन पिते ती दोनपैकी एका कारणाने. तिला ओढायलाच जास्त जोर लागतो, किंवा जोर तेवढाच लागतो पण इंजिन-गिअरबॉक्स तो द्यायला जास्त जाळतात.

सपाट, सरळ, पूर्ण मोकळा रस्ता हवा. वारा नसावा, गाडी २०-३० किलोमीटर चालून तापलेली असावी. ८५ पर्यंत न्या, न्यूट्रल करा, काटा ८० वरून ६० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोजायचं. उलट दिशेनेही तेच करा आणि सरासरी घ्या. इंजिन बंद करायचं नाही. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग त्यावर चालतात. चालत्या गाडीत न्यूट्रल करू नका असं तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगत असेल तर ही चाचणी सोडून द्या.

दोन-सव्वादोन टनाच्या निरोगी एसयूव्हीला यात साधारण २० ते ३० सेकंद लागतात. गाडी ठणठणीत असतानाचा तुमचा स्वतःचा आकडा लिहून ठेवलेला असेल तर सोन्याहून पिवळं. वेळ बरीच कमी भरली, तर ब्रेक, बेअरिंग, टायर, फोर-व्हील ड्राइव्ह इकडे बघा. वेळ ठीक असेल तर चाकांकडे बघायची गरज नाही, थेट थर्मोस्टॅटच्या तपासणीला लागा.

चिकटलेला ब्रेक आणि न सुटलेलं फोर-व्हील

१५-२० किलोमीटर चालवा. शेवटचा एखादा किलोमीटर ब्रेक जवळपास न लावता वेग उतरू द्या आणि थांबा. इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचं तापमान बघा. हात लावू नका, चटका बसेल. पुढच्या डिस्क मागच्यांपेक्षा गरम असणं स्वाभाविक आहे. बघायचं ते एकाच ॲक्सलचं डावं-उजवं. ३०-४० अंशांहून जास्त फरक असेल तर गरम बाजूचा ब्रेक धरून राहिलाय.

कारणं साधारण तीन: कॅलिपरच्या सरक-पिना कोरड्या किंवा गंजलेल्या, पिस्टनवर गंज, किंवा आतून फुगलेला ब्रेक होज. होजची गंमत अशी की पाय जोराने दाबल्यावर फ्लुइड पुढे जातं, पण पाय उचलल्यावर मागे येत नाही. मेकॅनिक चाक उचलून ब्लीडर (कॅलिपरवरचा फ्लुइड सोडायचा स्क्रू) किंचित सैल करतो. चाक लगेच सुटलं तर दोष होजकडे किंवा वरच्या बाजूला, तरीही अडलेलं राहिलं तर कॅलिपरमध्ये.

हा दोष परत येण्याचं एक ठरलेलं कारण आहे. सरक-पिनांना साधं ग्रीस लावलं जातं. त्याने रबरी बूट फुगतात, पिना पुन्हा अडकतात. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पिस्टन जोर लावून मागे ढकलू नका, त्याला स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घ्यावं लागतं. नाहीतर मोटर आणि तिचे गिअर तुटतात.

पार्ट-टाइम फोर-व्हील असलेल्या पिकअपमध्ये दिवा विझलेला असूनही पुढचा एक्सल जोडलेला राहू शकतो. ॲक्च्युएटर अडकतो, व्हॅक्यूमची नळी फाटते, हाताने फिरवायचे हब लॉकवरच राहतात. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळत, उड्या मारत वळली तर डांबरावर फोर-व्हीलमध्येच चालतेय. यात डिझेल जातं आणि ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) जाते.

माल वाहणाऱ्या ट्रकमध्ये जोडटायरातलं आतलं चाक बघायला विसरू नका. बाहेरच्यात हवा भरून आतलं तसंच राहतं आणि ते दोघे वेगवेगळ्या व्यासाने फिरत एकमेकांना घासत राहतात. हवेच्या ब्रेकचा स्लॅक ॲडजस्टर आणि ड्रम मात्र स्वतः छेडू नका. ते प्रशिक्षित माणसाचं काम.

थर्मोस्टॅट: हाताने कळणारा, तरी सगळ्यात जास्त निसटणारा दोष

रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन सुरू करा आणि रेडिएटरला जाणारा वरचा होज चाचपत राहा. पंख्यापासून हात आणि कपडे लांब ठेवून. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ थंड राहतो आणि इंजिन ८० अंशांच्या पुढे गेल्यावर एकदम गरम होतो. इंजिनासोबत पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला आहे.

थंड इंजिन इंधन जास्त पितं हे खरं, पण खरं नुकसान पुढच्या साखळीत आहे. गाडीच्या संगणकाला इंजिन तापलेलं वाटत नाही, म्हणून पेट्रोल गाडीत मिश्रण जाड राहतं. ऑटोमॅटिक गाडी लॉक-अप उशिरा घेते. डिझेलमध्ये डीपीएफचं रिजनरेशन सुरूच होत नाही किंवा पूर्ण होत नाही. बिघाड एका लहानशा झडपेचा आणि तक्रार तीन ठिकाणी. संगणकात दोषाचा कोड बहुधा पी०१२८ येतो, पण तो यायला कित्येक महिने लागू शकतात. बदलताना कंपनीने सांगितलेल्या तापमानाचाच थर्मोस्टॅट घ्या. "थंड राहील" म्हणून कमी अंशांचा घातला तर दोष नव्याने बसवल्यासारखंच आहे. गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण कधीही उघडू नका.

ओबीडी रीडर: इथे एवढं एकच साधन विकत घ्यावं

ओबीडी म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायचं सॉकेट; त्यात लावायचा साधा ब्लूटूथ रीडर आणि लाइव्ह डेटा दाखवणारं ॲप पुरतं. कोड वाचणं सोपं आहे, पण कोड म्हणजे निदान नव्हे. खरी माहिती चालत्या आकड्यांत असते. ते शेजारच्याने बघावेत, चालवणाऱ्याने नाही.

पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिम (संगणक ठरलेल्या इंधनात करत असलेली टक्क्यांतली वाढ-घट) बघा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज अधिक-उणे १० च्या आत असली की ठीक. अधिक १५-२० असेल तर इंजिनला हिशेबाबाहेरची हवा मिळतेय, एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) मळलाय किंवा इंधनाचा दाब कमी आहे. उणे १५ असेल तर कुठूनतरी जादा पेट्रोल येतंय: टपकणारा इंजेक्टर, अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारी झडप). उभ्या गाडीत ट्रिम मोठं अधिक आणि २,५०० आरपीएमवर सुधारतं, तर इनटेकच्या गळतीचा संशय घ्या.

एमएएफ सेन्सर साफ करायचा तर त्याच्यासाठीच्या स्प्रेने. कार्ब क्लीनर नको, ब्रश नको, तारेला बोट नको; पूर्ण वाळल्यावरच बसवा. आणि तो दर तीन महिन्यांनी मळत असेल तर तेल लावायचा कापडी एअर फिल्टर काढा. त्याचं तेल उडून तारेवर बसतं.

साध्या कागदी एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. इंजेक्शन असलेल्या आधुनिक इंजिनात मळलेल्या फिल्टरने ताकद कमी होते, ॲव्हरेज फारसं पडत नाही, कारण संगणक हवेच्या मापाने इंधन देतो. फिल्टर वेळेवर बदला, पण हरवलेले दोन किलोमीटर तिथे शोधू नका.

टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपांचे जोड बघा. ऑइलचा पातळसा ओलावा चालतो. पण जोडापासून बाहेरच्या बाजूला किरणांसारखी पसरलेली काळी, धूळ चिकटलेली तेलकट रेष दिसली, तर तिथून दाबाची हवा निसटतेय. जोर देताना शिट्टीसारखा आवाज आणि मागे काळा धूर असेल तर खात्रीच. क्लॅम्प घट्ट करून किंवा पाइप बदलून काम होतं, आणि हा स्वस्तात मोठा फरक पाडणारा दोष आहे.

डीपीएफ: डिझेल गाडीतला परत परत येणारा पाहुणा

रिजनरेशन म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडून तिथलं तापमान ५५०-६०० अंशांच्या वर नेणं. बहुतेक गाड्यांत ते काही शे किलोमीटरांतून एकदा होतं. चालू असताना उभ्या गाडीचे आरपीएम वाढलेले असतात, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो. ॲपमध्ये मागच्या रिजनरेशननंतरचं अंतर दिसत असेल तर ते लिहीत जा. दर १००-१५० किलोमीटरला होत असेल तर ॲव्हरेज तिथेच जातंय.

क्रमाने बघा. फेऱ्या पाच-सात किलोमीटरच्याच आहेत का? तसं असेल तर आठवड्यातून एकदा ३०-४० मिनिटं सलग, गरम इंजिनाने, दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून चालवा. थर्मोस्टॅट ठीक आहे का? दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन रबरी नळ्या तडकल्या किंवा तुंबल्या आहेत का? नळी बिघडली की संगणकाला फिल्टर भरल्याचं खोटंच कळू शकतं. ऑइल कमी राखेचं, गाडीला सांगितलेल्या प्रतीचंच आहे का? काजळी जळते, राख जळत नाही. दीड-दोन लाख किलोमीटरनंतर राखेनेच फिल्टर भरला असेल तर कितीही रिजनरेशन करा, उपयोग नाही. तो काढून साफ करावा लागतो. स्कॅनरने जबरदस्तीने रिजनरेशन करून देणारा माणूस यापैकी काहीच तपासत नसेल, तर गाडी महिन्याभरात परत येणार हे नक्की.

रिजनरेशन चालू असताना सुक्या गवतावर गाडी उभी करू नका, आग लागते. आणि डिपस्टिकवर ऑइल कमाल खुणेच्या वर गेलं असेल, डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवणं तिथेच बंद. अर्धवट रिजनरेशनमधलं डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असतं. बेअरिंगं घासतात, आणि पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम पळू शकतं, मग चावी फिरवूनही ते थांबत नाही.

लॉक-अप

ऑटोमॅटिक गाडी ९० च्या स्थिर वेगात, मागेपुढे मोकळा रस्ता असताना ब्रेक पॅडलला डाव्या पायाचा फक्त दिवा लागेल इतकाच स्पर्श करा, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून. बऱ्याच गाड्यांत लॉक-अप सुटून आरपीएम दीडशे-तीनशेने वर जातात आणि पाय काढल्यावर खाली येतात. काहीच हललं नाही तर लॉक-अप मुळात लागलेलंच नसण्याची शक्यता आहे. पी०७४१ कोडही बघा. आधी थर्मोस्टॅट आणि ब्रेक लाइटचा स्विच तपासून घ्या. स्विच अडकला की संगणकाला ब्रेक कायम दाबलेला वाटतो. त्यानंतरचं सगळं गिअरबॉक्सवाल्याचं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कॉमन-रेल डिझेलची उच्च दाबाची नळी कधीही सैल करू नका. आत १,६०० ते २,५०० बारचा दाब असतो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालयात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं स्पष्ट सांगा. इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी, नवे इंजेक्टर कोड करणं, पंपाचा दाब मोजणं ही सगळी डिझेल लॅबची कामं.

इंधनाचा वास, टाकीखाली किंवा इंजिनावर ओल दिसली तर गाडी सुरू करू नका. एका चाकातून धूर किंवा ब्रेक पॅडल खोल जाणं, इंजिनचा दिवा लुकलुकणं, तापमान लालमध्ये जाणं: या वेळी चालवत नेऊ नका, उचलून न्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवतं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या दोन टनांच्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावलेले असले तरच.

मेकॅनिककडे जाताना एक कागद न्या: तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर, गाडी सुटी सोडल्यावरचे सेकंद, चारही डिस्कचं तापमान, गरम झाल्यावरचं कूलंटचं तापमान, ट्रिमची बेरीज किंवा दोन रिजनरेशनमधलं अंतर, टायरचा साइज आणि तो कधी बदलला. काम झाल्यावर पहिली टाकी मोजणीत धरू नका; बॅटरी काढली असेल किंवा कोड पुसले असतील तर संगणकाला नव्याने शिकायला दोन-तीनशे किलोमीटर लागू शकतात. त्यानंतरच्या तीन टाक्या त्याच कागदाच्या मागे लिहा.